कुंडीतलं क्रोटन आणि पुडीतलं क्रोटन

अमरावती,
मृगाच्या तोंडावर

चि. सोनू,


तुझं पत्र आणि फोटो मिळाले. आधी महत्त्वाचं सांगते. शेजारच्या काकूंनी सुचवलेला पानांचा काढा कोणालाच देऊ नकोस, सासूबाईंना तर मुळीच नको. काकूंच्या पुस्तकात ‘क्रोटन’ने पोट साफ होतं असं लिहिलंय, ते खोटं नाही. पण ते क्रोटन म्हणजे जमालगोटा. तुझ्या गॅलरीत लाल-पिवळ्या पानांचं जे उभं आहे, ते झाडच वेगळं.

जमालगोट्याचं शास्त्रीय नाव क्रोटन टिग्लियम. आयुर्वेदात त्याला जयपाल म्हणतात. बी इतकं जहाल रेचक, की वैद्य शोधन केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. इच्छाभेदी रसात ते पडतं तेही असं शुद्ध करून आणि इवल्याशा मात्रेत. त्याचं तेल नुसतं कातडीला लागलं तरी फोड येतात. विसाव्या शतकात कर्करोगाचा अभ्यास करणारे संशोधक उंदरांच्या कातडीवर गाठी वाढवायला हेच तेल वापरत. यावरून काय ते समज.

आता कुंडीतलं. त्याचं नाव कोडियम व्हेरिगेटम. मूळ घर पूर्व इंडोनेशियातली बेटं, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधली काही बेटं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत अंबोन बेटावर आयुष्य काढलेल्या रुम्फियसने ते आपल्या ग्रंथात नोंदवलं. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी लेखनिकांच्या मदतीने काम चालू ठेवलं. ग्रंथ छापून निघायला लागला १७४१ मध्ये, तो गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. पुढे १७५३ मध्ये लिनियसने हे झाड क्रोटन या प्रजातीत बसवलं. १८२४ मध्ये आद्रियाँ द ज्यूस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तिथून काढून कोडियममध्ये नेलं. म्हणजे पुस्तकातली दुरुस्ती होऊन दोनशे वर्षं झाली. पण १८६० नंतर इंग्लंडच्या काचघरांत या झाडांचं वेड आलं तेव्हा माळ्यांनी जुनंच नाव धरून ठेवलं, आणि आपल्या रोपवाटिकांतही तेच चालतं.

क्रोटन हा मूळ शब्द ग्रीक, अर्थ गोचीड. जमालगोट्याचं बी दिसतंच तसं. एरंडाचं लॅटिन नाव रिसिनस, त्याचाही अर्थ गोचीडच. आजोबांच्या गोठ्यात बैलाच्या कानामागून काढलेल्या, रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडी तू पाहिल्या आहेस. एखादी एरंडी तळहातावर घेऊन बघ, नाव ठेवणाऱ्याची नजर पटेल.

एरंड, जमालगोटा आणि तुझं क्रोटन, तिघंही एकाच एरंड कुळातले. म्हणून नाव चुकीचं असलं तरी झाड अगदीच निरुपद्रवी समजू नकोस. फांदी मोडली की चीक येतो, तो काहींच्या कातडीला बाधतो. रोज छाटणी करणाऱ्या माळ्यांच्या हाताला त्यानं इसब होतं. पोटात गेलेलं पानही त्रास देतं. छोटा आता रांगायला लागलाय, तेव्हा कुंडी कठड्यावर चढव आणि छाटल्यावर हात साबणाने धू.

नर्सरीत तू ‘क्रोटन द्या’ म्हणालीस तर माळी बरोबर तेच झाड देतो. तिथे कोडियम म्हणणाऱ्याला उलट परत विचारतील. बघण्यापुरतं, कुंपणापुरतं चुकीचं नाव चालून जातं. उकळून प्यायचं ठरलं की चालत नाही. अशोकाचंच बघ. शाळांच्या, कचेऱ्यांच्या कुंपणाला उंच सरळसोट उभं असतं त्याला आपण सर्रास अशोक म्हणतो. सीतेचा अशोक निराळा, केशरी फुलांच्या झुबक्यांचा. कुंपणाला उभं आहे तोवर कोणाचं काही अडत नाही. पण अशोकाच्या औषधी सालीत या कुंपणाच्या झाडाची साल मिसळणं ही बाजारातली जुनी भेसळ आहे. म्हणून औषधाच्या पुस्तकात झाडाचं नाव दिसलं, की पुढचं शास्त्रीय नाव शोधायचं. ते नसेल तर पुस्तक मिटायचं.

आता तुझी दुसरी तक्रार, पानांच्या कडा करपल्याची. फोटोत कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय, त्यावरून पाणी बोअरचं असणार. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय, तिथल्या भूजलात क्षार फार. ते कुंडीत साचतात आणि पानाच्या कडेला आधी दिसतात. पाऊस सुरू झाला की टब उघड्यावर ठेवून पाणी धर, आणि कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल असं दोन-तीनदा घाल. शेतातली नुसती काळी माती भरली असशील तर तीही बदल. निम्मी वाळू आणि शेणखत पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात.

हॉलमध्ये न्यायचं म्हणतेस, ते नको. इथल्या माळीबुवांचं म्हणणं तुला त्यांच्याच शब्दांत सांगते: “बाई, याले सावलीत ठेवाल तं हा हिरवा होऊन बसते.” खरंच आहे, पानातला लाल-पिवळा रंग उजेडावर चढतो, अंधारात नवी पानं हिरवीच येतात. वर जागा बदलली की हे झाड रुसून पानं गाळतं. सकाळचं ऊन येईल अशी एक जागा ठरव आणि तिथून हलवू नकोस. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा वर हिरवी जाळी बांध आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मार. कोरड्या हवेत लाल कोळी तिथेच बसतो.

नवीन रोप हवं असेल तर पावसाळ्यात गुटी बांध. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओलं मॉस लावायचं, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. महिना-दीड महिन्यात मुळं दिसली की खालून कापून कुंडीत.

महालक्ष्म्यांच्या आराशीला तुला कुंड्या मांडायच्या आहेत, त्यापेक्षा फांद्या कापून पाण्यात ठेव. तीन दिवस छान टिकतात आणि झाडही जागेवर राहतं. मखराला, दाराला, रांगोळीभोवती हवी तितकी लाव. फक्त सोळा भाज्यांच्या ताटात किंवा आंबिलीच्या वाटीखाली शोभेला म्हणून हे पान घालू नकोस. तिथे केळीचंच.

काकूंचा मान ठेव. त्यांना पुस्तक खोटं म्हणू नकोस, झाड दुसरं आहे म्हणून सांग. आणि सासूबाईंचा त्रास आठवड्याभरात गेला नाही तर डॉक्टरांना दाखव. काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी