खिचडीचा हिशेब

वाचकहो, बीजगणित म्हटले की घरातली पोरे कपाळाला आठ्या घालतात आणि म्हातारीकोतारी विचारतात, "नांगर धरणाऱ्याला 'क्ष' कशाला हवा?" पण हे गणित आपल्या बाजारहाटातलेच आहे.

भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त एक वाटसरू वाण्याला म्हणतो : एका द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ किंवा आठ मापे मूग मिळतात. या तेरा काकिणी घे आणि दोन भाग तांदूळ, एक भाग मूग लवकर दे. आमचा तांडा पुढे जाईल! म्हणजे खिचडीचा शिधाच की! द्रम्माच्या काकिणी 64. उत्तर येते : तांदूळ 7/12 माप, मूग 7/24 माप.

आमच्याकडे चुली दोन, पण गुरांचा खुराक एकत्र येतो. एकदा सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा मिळून 12 पोती आली. पेंड धाकट्या जावेची, कोंडा आमचा. बिल 15,000 रुपयांचे. पावती पावसात भिजली, कशाची किती पोती ते पुसले गेले. तोवर माल टिपांत रिकामा झालेला. भाव तेवढे ध्यानात होते : पेंड 1,500 रुपये पोते, कोंडा 900. कोणी किती द्यायचे, यावरून शब्दाला शब्द वाढू लागला.

नववीतली लेक म्हणाली, "आई, घटकाभर सगळी पोती कोंड्याचीच समज." बारा नव्वे 108, म्हणजे 10,800 रुपये झाले. बिल त्याहून 4,200 ने जास्त. कोंड्याच्या एका पोत्याजागी पेंडीचे ठेवले की 600 वाढतात. 4,200 ला 600 ने भागले. पेंडीची पोती 7, कोंड्याची 5.

मग तिने ताळा केला : 10,500 आणि 4,500, बेरीज 15,000. दोन्ही घरांनी आपापले पैसे मोजले, मने शाबूत राहिली.

एवढे मात्र ध्यानात ठेवा : दोन गोष्टी ठाऊक नसतील, तर दोन माहित्या हव्यात. इथे एकूण पोती आणि एकूण रुपये, दोन्ही होते. नुसत्या रुपयांवरून नेमके उत्तर निघेलच असे नाही.

तेव्हा बायांनो, दादांनो, खताबियाण्याची पावती आली की आधी लेकरांपुढे ठेवा. त्यांचा अभ्यास होईल आणि आपला पैसा नीट मोजला जाईल.