ऐंशी दात्यांचा शहाणा

छत्तीस वर्षं मास्तरकी केली की माणसाच्या नजरेला एक कायमचं व्यंग जडतं. कुठलाही आकडा दिसला, की तो पस्तीसच्या वर आहे की खाली, हेच आधी दिसतं. मग तो पेट्रोलचा भाव असो नाहीतर भावी जावयाचं वय! माझं हे व्यंग एकदा एका सागवानी फळीच्या मुळावर आलं, त्याची ही कर्मकथा.

चांदवडातलं आमचं जुनं घर उतरवलं, तेव्हा माळ्याच्या दोन फळ्या आईने हट्टाने ठेवून घेतल्या. दीड इंच जाड, पाच फूट लांब, फूटभर रुंद. आता, अहिल्याबाईंच्या रंगमहालातले नक्षीदार लाकडी खांब बघत आम्ही लहानाचे मोठे झालेलो. त्यापुढे आमच्या फळ्या म्हणजे काहीच नाहीत. त्यांच्यावर नक्षी नव्हती, होती ती लोणच्याच्या बरण्यांची वर्तुळं. आजीने वर्षानुवर्षं त्याच जागी बरण्या ठेवल्या, तेल मुरत गेलं आणि लाकडावर काळपट चंद्र उमटले. आईचं म्हणणं एवढंच, "दोन्ही जोडून मला झोपाळा करून दे. आणि चंद्र वरच्या बाजूला आले पाहिजेत." आईचं वय सत्त्याऐंशी. तेव्हा काम लांबवण्यात अर्थ नव्हता.

फळ्यांच्या कडा वाकड्या झाल्या होत्या. जोडायच्या तर त्या उभ्या चिरून सरळ करणं आलं. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून ज्या मिस्त्रीची शेड आहे, तो माझाच जुना विद्यार्थी. त्याच्याकडे टेबलाच्या पोटातून डोकं वर काढणारी दहा इंची गोल करवत आहे. तो म्हणाला, "सर, माझं ब्लेड बोथटलंय. नाशिकला जाताच आहात, तर चिरायचं ब्लेड घेऊन या. चोवीस दात्यांचं."

दुकानात ते ब्लेड समोर आलं आणि माझा हात खिशातलं लाल पेन शोधू लागला. चोवीस! म्हणजे सपशेल नापास. ग्रेस मार्क देऊनही वर यायचं नाही. शेजारीच ऐंशी दात्यांचं एक होतं. बारीक दाते, चकचकीत अंग, थेट पहिल्या बाकावरच्या मुलासारखं. किंमतही विशेष प्रावीण्याची! दुकानदाराने विचारलं, "कापायला पाहिजे का चिरायला?" मी म्हटलं, "दोन्ही एकच की हो!" मास्तरला दुकानदाराने काय शिकवायचं?

मिस्त्रीने ब्लेड उलटसुलट पाहिलं. "सर, आधी एखाद्या तुकड्यावर बघायचं का?"

"अरे, चांगलं आणलंय. लाव!"

ज्याच्या छड्या खाल्ल्या त्याला नाही कसं म्हणणार बिचारा? त्याने फळीवरून लोहचुंबक फिरवलं, आत लपलेला एक गंजका खिळा उपटला आणि मशीन सुरू केलं.

पहिली चार बोटं बरी गेली. मग फळी पुढे सरकेना, मोटार विव्हळू लागली आणि धूर निघाला. मिस्त्रीने झटकन बटण दाबलं. कडेला करपलेल्या भाकरीसारखी काळी पट्टी! "या करपलेल्या कडेला सरस नीट धरत नाही, सर. परत चिरावं लागेल." परत चिरायचं म्हणजे आणखी आत, चंद्राच्या दिशेने. आणि चंद्र कडेपासून अंगठ्याएवढाच आत होता. माझ्या घशाला कोरड पडली. आईला काय सांगू?

मग विद्यार्थ्याने तास घेतला. "सर, लाकूड म्हणजे उभ्या धाग्यांची जुडी. आडवं कापायचं तर धागे तोडायचे. तिथं पुष्कळ दाते पाहिजेत, सुरीसारखे तिरप्या धारेचे. उभं चिरताना दाता पटाशीसारखा सपाट लागतो. तो धाग्याच्या लांबीनं लांब कीस काढतो. तो कीस मावायला दोन दात्यांत जागा नको का? ऐंशीच्या खाचा एवढ्याशा. भुसा आतच ठासतो, दाते नुसते घासतात आणि लाकूड जळतं. चोवीसच्या खाचा खोल असतात."

मी दात्यांना गुण दिले होते, खाचांना शून्य! मला माझे तास आठवले. पस्तीस मिनिटांत ऐंशी गोष्टी कोंबायचो. मधे पोरांना श्वास घ्यायला जागा नाही. किती डोकी करपली असतील, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी एसटीने पुन्हा नाशिक. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. दुकानदाराने मला पाहताच काही न विचारता चोवीसचं ब्लेड काढून ठेवलं. याला म्हणतात सभ्यपणा.

या वेळी फळी सुरळीत सरकली. धूर नाही, रडारड नाही. कड स्वच्छ निघाली आणि चंद्र नखभर अंतराने वाचला. झोपाळ्याची टोकं आडवी कापायला मात्र ऐंशीवालंच लावलं. त्याने ती अशी गुळगुळीत कापली, की हात फिरवत राहावं.

आई आता झोपाळ्यावर बसते, चंद्रावरून बोट फिरवते आणि म्हणते, "इथे कैरीचं असायचं, इथे लिंबाचं."

पैसे देताना मी मिस्त्रीला विचारलं, "अरे, गणितात तुला किती पडले होते रे?"

तो लाजून हसला. "तुम्हीच दिले होते, सर. चोवीस."