चाकें हरवलेला हत्ती

हत्ती आवडत नाहीं असें मूल विरळाच. ज्यानें प्रत्यक्ष हत्ती कधीं पाहिला नाहीं तोहि पाटीवर हत्ती काढतो. आणि आश्विनांत हस्त नक्षत्राचा पाऊस सुरू झाला म्हणजे आपल्याकडील मुली पाटावर हत्ती रेखून त्याच्याभोंवतीं हादग्याचीं गाणीं म्हणत फेर धरतात. एवढा अवाढव्य प्राणी, पण मुलांस त्याचें भय वाटत नाहीं. त्याला घरीं आणावें, दोरी बांधून अंगणांत ओढावें, असेंच त्यांस वाटतें. म्हणून आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें वहीच्या शेवटच्या पानावर काढलेला हिरव्या अंगाचा हत्ती मला दाखविला, तेव्हां मला नवल वाटलें नाहीं. नवल वाटलें तें त्या हत्तीची हकीकत ऐकून.

त्या प्राण्याचें नांव कॉपराजा. पोकेमॉन नांवाच्या जपानी खेळांत नाना प्रकारचे काल्पनिक प्राणी गोळा करावयाचे असतात. त्यांत २०१९ सालीं हा दाखल झाला. त्याची उंची ३ मीटर, वजन ६५० किलो, आणि जात पोलादी. बाळपणीं त्यास क्यूफंट म्हणतात. त्या वयांतच तो ५ टनांहून अधिक ओझें सहज वाहतो. वयांत आल्यावर तो कळपानें राहतो आणि सोंडेच्या पकडींत मोठमोठे खडक धरून त्यांची भुकटी करतो. त्याच्या नांवांत तांब्याचें इंग्रजी नांव आणि ‘राजा’ हे दोन शब्द एकमेकांस सांधलेले आहेत. खेळांतील ज्या मुलुखांत तो आढळतो तो ब्रिटनच्या धर्तीवर कल्पिलेला आहे. आणि त्याच्याविषयींची आख्यायिका अशी कीं, फार पूर्वीं तो दुसऱ्या कोठल्याशा मुलुखांतून तेथें आला व माणसांच्या बरोबरीनें काम करूं लागला. तो दुसरा मुलूख कोणता असावा, हें नांवांतला ‘राजा’ आपणांस सुचवितोच.

हें ऐकून कित्येक पालक म्हणतील, “अभ्यास सोडून हीं कसलीं थेरें!” परंतु कल्पनेच्या या हत्तींत सृष्टीचें एक सत्य आहे, तें पाहण्यासारखें आहे. त्याचें अंग हिरवें आहे आणि त्या हिरव्या कातडीवर पाण्याचा परिणाम होत नाहीं, असें खेळाचे कर्ते सांगतात. तांब्याचें वर्तनहि असेंच असतें. दमट हवेंत बराच काळ राहिलेल्या तांब्यावर हवेंतील वायूंच्या योगानें एक पातळ हिरवा थर चढतो, आणि तोच थर आंतील धातूचें रक्षण करतो. पावसाळ्यांत कोनाड्यांत पडून राहिलेला तांब्याचा गडवा हिरवट होतो व आई चिंच लावून तो लखलखीत करते, हें तुम्हीं पाहिलेंच असेल. तिच्या चिंचेनें जें एका घटकेंत निघून जातें, तेंच जमिनीखालीं शतकानुशतकें साचत राहतें. जुना धातु हिरव्या अंगानेंच आपलें वय सांगतो.

आतां, विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस असा एक धातूचा हत्ती सांगतों, जो कल्पनेंतला नव्हे. आपल्या सोलापुराजवळून वाहणारी सीना नदी ज्या नगर जिल्ह्यांत उगम पावते, त्याच जिल्ह्यांत (आज त्यास अहिल्यानगर म्हणतात) प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद नांवाचें एक ओसाड ठिकाण आहे. तालुका श्रीरामपूर. तेथें प्राचीन वस्ती होती हें १९५८ सालीं बी. पी. बोपर्डीकर यांच्या ध्यानांत आलें. पुढें भारतीय पुरातत्त्व खात्यानें तेथें तीन वेळां उत्खनन केलें, पहिलें एम. एन. देशपांडे यांच्या, दुसरें एस. आर. राव यांच्या, आणि तिसरें एस. ए. साळी यांच्या देखरेखीखालीं. एकावर एक अशा पांच संस्कृतींचे थर त्या टेकाडांत सांपडले. परंतु ज्या वस्तूंनीं दायमाबादचें नांव जगभर केलें त्या विद्वानांच्या कुदळीस लागल्या नाहींत. १९७४ सालीं छबू लक्ष्मण भिल्ल नांवाच्या तेथील एका शेतकऱ्यास मुळें खणतांना जमिनींत कांशाच्या चार वस्तु सांपडल्या.

या चार वस्तूंपैकीं एक म्हणजे दोन बैलांची गाडी. तिची लांबी ४५ सेंटिमीटर, आणि तींत १६ सेंटिमीटर उंचीचा एक पुरुष उभा आहे. दुसरा चार चाकांच्या चौथऱ्यावर उभा असलेला रेडा. तिसरा गेंडा, तोहि चाकांवर. आणि चौथा आपला हत्ती. त्याची उंची २५ सेंटिमीटर. तो ज्या चौथऱ्यावर उभा आहे त्याची लांबी २७ व रुंदी १४ सेंटिमीटर. चौथऱ्याखालीं आंस बसविण्याच्या जागा आहेत. परंतु आंस नाहींत आणि चाकेंहि नाहींत. बाकीचे तिघे आजहि धांवण्यास सिद्ध दिसतात. हत्ती तेवढा जागच्या जागीं उभा आहे.

ह्या मूर्ति भरीव ओतलेल्या आहेत, आणि त्यांची घडण मेण गाळून ओतण्याच्या रीतीची मानतात. ती रीत मुलांनीं समजून घेण्यासारखी आहे. प्रथम कारागीर मेणाचा हत्ती करतो. सोंड, कान, पाय, सारें मेणांतच कोरतो. मग त्यावर मातीचे लेप चढवून तो वाळवितो आणि विस्तवावर तापवितो. मेण वितळून ठेवलेल्या छिद्रांतून वाहून जातें व आंत हत्तीच्या आकाराची पोकळी उरते. तींत वितळलेला धातु ओततात. धातु निवाला म्हणजे माती फोडावी लागते, आणि सांचा नाहींसा होतो. म्हणून अशा मूर्तीला जुळें भावंड नसतें. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत तांब्याच्या खाणी नाहींत; तेव्हां या हत्तीचें तांबेंहि दुरून कोठून तरी आलेलें असलें पाहिजे. खेळांतला हत्ती परमुलुखांतून आला. आमचा हत्ती येथेंच सांपडला, पण त्याचा धातु परमुलुखांतला.

या मूर्तींचें वय किती, याविषयीं पंडितांत वाद झाला. राव, साळी आणि एम. के. ढवळीकर यांनीं त्या सिंधु संस्कृतीच्या उत्तरकाळांतल्या, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या, ठरविल्या. डी. पी. अग्रवाल यांनीं मात्र धातूच्या परीक्षणावरून शंका काढली: या कांशांत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे, आणि त्या काळच्या इतर तशा वस्तूंत तें मुद्दाम मिसळलेलें दिसत नाहीं; तेव्हां या मूर्ति बऱ्याच नंतरच्या असूं शकतील. उत्खननांत थरांतून निघालेल्या वस्तूची साक्ष थर देतो. मुळें खणतांना निघालेल्या वस्तूस अशी साक्ष मिळत नाहीं. तरी बहुतेक जाणकारांनीं पहिलें मतच उचलून धरलें आहे.

या हत्तीचा उपयोग काय होता? मिरवणुकींत ओढीत नेण्यासाठीं तो केला असावा, असा एक तर्क आहे. तो खेळणें म्हणून केला असेल तर तें खेळणें लहान लेकरास उचलवणार नाहीं, हें खरें. चारी मूर्तींचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरतें. पण एक गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. ज्यानें हत्तीला चाकें लावलीं, त्यास हत्तीला चालतांना पाहावयाचें होतें. देवासाठीं असो, राजासाठीं असो, वा लेकरासाठीं असो, त्या कारागिराच्या मनांतलें मूल जागें होतें एवढें निश्चित.

चाकें हरवलेला आणखी एक हत्ती माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो पितळेचा, वीतभर उंचीचा. माझ्या आजीच्या माहेराहून आलेला. माझ्या लहानपणीं वडिलांची गिरणी बंद पडली. सोलापुरांतील किती तरी घरांनीं असे दिवस पाहिले आहेत. त्यांचें वर्णन येथें नको. आमच्या घरांतलीं पितळेचीं भांडीं एकामागून एक मोडींत जाऊं लागलीं. आधीं घंगाळ गेलें, मग हंडा, मग समया. एके दिवशीं आईनें पिशवींत उरलेसुरले डबे घातले आणि त्यांवर तो हत्ती ठेवला. मी बरोबर होतों. दुकानदारानें एकेक वस्तु काट्यावर घातली. हत्ती हातीं येतांच तो थांबला. त्यानें तो उलटा करून चाकांच्या रिकाम्या जागा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलें, आणि तो बाजूस ठेवून म्हणाला, “अक्का, हे लेकराचं हाय. ह्याला काट्यावर घालत नसतेत.” आईनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. डब्यांचे पैसे तिनें पदराच्या गांठीस बांधले व हत्ती माझ्या हातांत दिला. त्या दिवसांत त्या पितळेचे पैसे आम्हांस जड झाले नसते. आणि जुनें पितळ घेणें हाच त्या गृहस्थाचा धंदा होता. तरी दोघांनींहि तो हत्ती तोलला नाहीं. आज तो आमच्या घरीं खिडकींत उभा आहे.

दायमाबादच्या हत्तीविषयीं वाचलें तेव्हां मला त्या काट्याची आठवण झाली. मातीचें खापर हजारों वर्षें टिकतें, कारण फुटलेल्या खापराचा कोणास कांहीं उपयोग नसतो. धातूचें तसें नाहीं. धातु टिकाऊ खरा, पण त्याचा टिकाऊपणाच त्याचा वैरी होतो. कारण जुनी मूर्ति वितळविली कीं तिची नवी कुऱ्हाड होते, नवी घागर होते, नवें नाणें होतें. म्हणून प्राचीन काळची एखादी धातूची मूर्ति आपल्या दृष्टीस पडते, तेव्हां समजावें कीं ज्यांच्या ज्यांच्या हातीं ती आली त्यांपैकीं कोणीहि तिला मुशींत घातलें नाहीं. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत १९४५ च्या सुमारास ज्या जुन्या कांस्यवस्तु सांपडल्या, त्यांतहि पाठीवर स्वार घेतलेला एक लहानसा हत्ती आहे. त्याचीहि कथा हीच.

आणि छबू लक्ष्मण भिल्ल? १९७४ सालीं साठ किलो कांसें ही एका गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हती. या वस्तु केवढ्या जुन्या आहेत हें त्यास सांगावयास त्या क्षणीं शेजारीं कोणी पंडित उभा नव्हता. त्याच्या मनांत काय विचार आले असतील त्याची आपण केवळ कल्पना करावी. पण हत्ती भट्टींत गेला नाहीं. तो जाणकारांच्या हातीं पोंचला, आणि आज शाळेंतील मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या सोबत्यांचीं चित्रें दिसतात. चार हजार वर्षांची वाट एखाद्या सकाळीं संपून गेली असती. ती संपली नाहीं.

बाळमित्रहो, तुमचा कॉपराजा बलाढ्य आहे. त्याच्याशीं तुम्ही खुशाल खेळा. त्याचें वजन, त्याची उंची, त्याचें सामर्थ्य हीं सारीं तुम्हांस तोंडपाठ आहेत, तीं विसरूं नका. पण कधीं तरी आपल्या घरच्या माळ्यावरहि चढून पाहा. तेथें एखादी हिरवी पडलेली समई असेल, कान तुटलेला गडवा असेल, कदाचित् एखादा हत्तीहि असेल. आणि पालकहो, दिवाळीपूर्वीं घर आवरतांना तीं जुनीं भांडीं मोडीच्या दुकानीं धाडण्याचें ठरलें, तर त्यापूर्वीं तीं एकवार मुलांच्या हातीं द्या. सारेंच जतन करणें कोणासहि शक्य नाहीं; संसारांत अडचणी येतात, आणि आमच्या घंगाळाप्रमाणें पुष्कळ वस्तु जातातच. पण जी ठेवावीशी वाटेल ती कोणाची होती, कोठून आली, कोणीं घडविली, हें आजीस विचारा आणि मुलांकडून एका कागदावर लिहवून त्या वस्तूबरोबर ठेवा. दायमाबादचा हत्ती कोणास सांपडला हें आपणांस ठाऊक आहे, कारण तें कोणी तरी लिहून ठेवलें. ज्यानें तो मेणांत कोरला आणि त्यास चाकें लावलीं, त्याचें नांव मात्र कोणीं लिहिलें नाहीं.