थिनर

धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका गॅरेजात मी ट्रकच्या केबिनी रंगवायचो. तोंडाला रुमाल, हातात गन. संध्याकाळी हाताचा रंग थिनरनं नाहीतर पेट्रोलनं काढायचा. रुमालात रंगाचे कण अडकतात, वाफ सरळ आत जाते. काही वर्षांनी तर वास आला नाही की थिनरमध्येच भेसळ वाटायची!

मग जिना चढताना दम लागू लागला, दात घासताना रक्त यायचं, दंडावर निळे डाग दिसायचे. जळगावला घरी गेलो तर शेजारचा म्हणाला, "काय भो, तुन्हं तोंड पांढरं पडनं!" मायला कावीळ वाटली.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७, पांढऱ्या पेशी २,२००, प्लेटलेट ४०,०००. एकच आकडा कमी असता तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं, तिन्ही एकदम उतरले म्हणजे बिघाड बहुधा हाडाच्या आत, असं डॉक्टर म्हणाले. कमरेच्या हाडातून मगज काढला. भूल देऊनही तो ओढताना थेट टाचेपर्यंत कळ गेली. रिपोर्टमध्ये पेशी थोड्या, चरबीच जास्त.

डॉक्टर रावेरकडचे. म्हणाले, "केळीचं पान फाटलं तर नवं येतं. कंदच सडला तर पील फुटणार कुठून?" रक्ताच्या मूळ पेशींचं तसंच. बेंझीनची वाफ फुफ्फुसातून रक्तात उतरते, यकृत तिचं फिनॉल, हायड्रोक्विनोन करतं. ते मगजात पोचलं की तिथं आणखी जहाल होतं आणि मूळ पेशींचा डीएनए तोडतं. काही पेशी मरतात. काही तुटका डीएनए घेऊन वाढत राहतात, त्यातून पुढे ल्युकेमियाही होऊ शकतो. थिनरमध्ये मुख्यतः टोल्युइन, झायलीन असतं. हलक्या मालात बेंझीनही येतं. आमच्याकडे थिनर सुटं यायचं, कॅनवर अक्षर नाही. म्हणून "त्यानंच झालं" असं छातीठोक सांगता येणार नाही, पण गन सोडा, असं ते म्हणाले.

बेंझीनची विषबाधा तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होती. रुग्ण सापडला तर डॉक्टरांनी कळवायचं असतं. पण चार माणसांचं गॅरेज म्हणजे कारखाना थोडाच? कामाचा दाखला मागितला तर मालक म्हणाला, "तू पगारावर कधी होतास?"

रक्त चढवत, औषधं घेत आकडे हळूहळू वर आले. आता मी पत्राकाम करतो. गन एका पोराकडे आहे. त्याला रक्त तपासायला नेलं, सगळं नॉर्मल. "बघा, मला काही होत नाही," म्हणाला. चीनमधल्या तिआनजिनच्या बूट कामगारांची गोष्ट डॉक्टरांनी मला सांगितली होती, ती त्याला ऐकवली. २००४ साली छापून आलेला अभ्यास. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी बेंझीन, तरी त्यांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या. आणि पक्क्या पेशींपेक्षा कोवळ्या, अजून घडणाऱ्या पेशींना जास्त फटका. म्हणजे रिपोर्ट चांगला असतानाही आत पडझड सुरू असू शकते.

कार्बनच्या डब्यांचा मास्क मीच आणून दिला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो घालवत नाही, हे मलाही कळतं. पोरगं तो गळ्यात अडकवून रंग मारतं, मालक आला की तेवढा वर चढवतं.