नऊची तार की दहाची?



कुटुंबाच्या पानावर गिटारच्या तारेचा हिशेब कशाला, असे एखाद्या भगिनीच्या मनात येईल. परंतु ज्या घरात कर्ज काढून, ओव्हरटाइम करून मुलासाठी गिटार आणली गेली, आणि दोन महिन्यांत ती खुंटीवर लटकली, त्या घरातल्या आईबापांना हा विषय परका वाटणार नाही. पूर्वी आपल्या गायन पार्टीचा संसार ढोलकी, हार्मोनियम, झांज आणि तुणतुणे एवढाच असे. मग बेंजो आला, कॅसिओ आला. आता इलेक्ट्रिक गिटार आली आहे. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ या बँडने २०१० नंतरच्या वर्षांत बुद्ध-भीमगीते रॉकच्या ढंगात म्हटली, ती मोबाईलवर पाहून आमच्या सावंतवाडीकडची मुलेही गिटारच्या नादी लागली. शिवाय गोवा आम्हांला उंबऱ्यावरच. बांदा ओलांडून पत्रादेवीचा नाका गेला की दुसरे राज्य. तिथल्या हॉटेलांतून वाजवणारे कितीतरी कलाकार आमच्याच तालुक्यातले आहेत. जुन्या गिटारी इकडे येतात त्या बहुधा त्याच वाटेने.

मी स्वतः वाजवणारा नव्हे. पतपेढीतला कारकून, आकड्यांत रमणारा माणूस. तारेच्या पाकिटावर आकडेच छापलेले असतात, म्हणून या प्रकरणात माझे डोके शिरले एवढेच.

आमच्या वाडीतील एक मुलगी अकरावीत शिकते. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई काजूच्या कारखान्यात. मुलीचा गळा बेताचा, पण कान पक्का. तिला कोरसमध्ये उभे राहायचे नव्हते, वाजवायचे होते. वडिलांनी गोव्यातून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. तारा गंजलेल्या होत्या म्हणून एका दुकानात जाऊन “गिटारची तार द्या” म्हणून सांगितले, दुकानदाराने जे पाकीट दिले ते आणून चढवले. तीन आठवडे पोरीने जीव तोडून सराव केला. डाव्या हाताची बोटे फुटली, त्यावर पट्ट्या लावल्या, तरी तार नीट दाबली जाईना. एके संध्याकाळी मला म्हणाली, “काका, माका ह्या जमाचा नाय. माझो हातच तसलो नाय.” वडिलांनी गिटार परत विकायचे बोलणेही सुरू केले होते.

पार्टीतले आमचे जुने तुणतुणेवाले काका यावर म्हणाले, “आमच्या बोटांतसून रगत इला, तेवा खय सूर इलो!” काकांबद्दल मला फार आदर आहे. पण हे वाक्य मला पटले नाही, आणि या लेखाचे कारण खरे तर ते वाक्यच आहे. कष्ट आपल्या लोकांना नवे नाहीत. म्हणूनच जिथे दुखते तिथे काहीतरी चांगले घडत असणार, असे आपण चटकन मानून चालतो. ते दर वेळी खरे नसते.

मी पाकीट मागून घेतले. त्यावर १२ ते ५३ असे आकडे होते आणि तारा ब्राँझच्या होत्या. गोव्यात वाजवणाऱ्या बांद्याकडच्या एका मुलाला दाखवले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. तारा साध्या, म्हणजे लाकडी पोकळ पेटीच्या गिटारच्या होत्या. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. वर लोखंडाची तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती अँपमध्ये जाते. ब्राँझला चुंबक ओढत नाही. म्हणून जाड तारांवरचे ब्राँझचे वेष्टण त्या कामी फुकट जाते, आतला पोलादी गाभा तेवढा बोलतो. तिच्या गिटारच्या दोन बारीक तारा मोठ्याने वाजत आणि बाकीच्या चार मागे राहत, त्याचे कारण हेच. ते खापरही तिच्या हातावर फुटले होते! इलेक्ट्रिकसाठी वेष्टण निकेलचे किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाहिजे.

आता जाडीचे. पाकिटावर ९-४२, १०-४६, ११-४९ असे जे छापतात, ते इंचाचे हजारावे भाग असतात. पहिला आकडा सर्वांत बारीक तारेचा, शेवटचा सर्वांत जाड तारेचा. दुकानात पहिल्या आकड्यावरून ‘नऊचा सेट’, ‘दहाचा सेट’ म्हणतात. नऊ आणि दहा यांत फरक इंचाच्या एका हजारांशाचा, म्हणजे सुमारे पाव दशांश मिलिमीटरचा. माणसाचा एक केसही याच्या दोन-तीन पट जाड असतो. एवढ्याने काय होणार, असे कोणीही म्हणेल. पण तोच सूर तेवढ्याच लांबीच्या तारेवर लावायचा तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नऊ नवे एक्क्याऐंशी, दहा दाहे शंभर. म्हणजे जाडी नववा हिस्सा वाढली, पण ताण शेकडा तेवीसने वाढला. व्याजावर व्याज चढते तसेच काहीसे.

गिटारची तार मोकळी थरथरते ती लांबी साडेपंचवीस इंच धरली, तर पहिल्या तारेवर नऊच्या सेटमध्ये सुमारे ६ किलो ताण येतो, दहाच्या सेटमध्ये ७.३५, अकराच्यात ८.९ आणि बाराच्यात साडेदहाच्या पुढे. सहाही तारांची बेरीज केली तर नऊच्या सेटला ३८ ते ३९ किलो होते, दहाच्या सेटला ४६ ते ४७. आणि त्या मुलीच्या गिटारवर जो १२-५३ चा ब्राँझ सेट होता, त्याची बेरीज ७४ किलोच्या आसपास. तिच्या वडिलांना मी हे त्यांच्या भाषेत सांगितले. सिमेंटचे पोते ५० किलोचे. नऊचा सेट म्हणजे पाऊण पोते, दहाचा जवळजवळ एक, आणि तुमच्या पोरीने तीन आठवडे दीड पोते ओढले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग “विकूचा नको” एवढेच म्हणाले.

बोटाला अर्थात पोते उचलावे लागत नाही. पण तार दाबताना आणि ती बाजूला ओढून सूर चढवताना, म्हणजे आपल्याकडची मींड गिटारवर काढताना, हाच ताण बोटाशी भांडतो.

आता काकांच्या रक्ताच्या सिद्धान्ताविषयी. जाड तार म्हणजे मर्द वाजवणारा, ही समजूत परदेशातही होती. अमेरिकेचा स्टीव्ही रे वॉन (१९५४-१९९०) तेराच्या तारा वाजवी, हे पोरांना तोंडपाठ असते. तो तारा अर्धा सूर उतरवून लावी आणि त्याची बोटे सोलवटून निघत, हे मात्र कोणी सांगत नाही. उलट, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबून वर आलेले काळे गायक बी. बी. किंग यांनी तरुण बिली गिबन्सची जाड तारांची गिटार हातात घेऊन, एवढे कष्ट कशासाठी करतोस, अशा अर्थाचा प्रश्न विचारला होता. गिबन्सने ही हकीकत मुलाखतींत सांगितली आहे. पुढे तो सातच्या तारांवर आला, आणि त्याचा आवाज काही बारीक झाला नाही. किंग ज्या मुलखातून आले तिथली गरिबांची पोरे झाडूची तार सोडवून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणत आणि त्यावर बाटली सरकवून वाजवत. आपले तुणतुणे दुसरे काय आहे? एक पोलादी तार, एक काठी, चामडे मढवलेले नळकांडे. शाहिराच्या ‘सा’ला लागेल आणि तुटणार नाही अशी तार निवडायची. जाडीचा अभिमान तिथेही कोणी बाळगला नव्हता.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटला तो टोनी आयोमी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यावर चामडे चिकटवले. जाड तारा त्या टोप्यांनी दाबवेनात आणि बारीक तारांचे सेट त्याला सहज मिळेनात, म्हणून त्याने तिकडच्या बँजो नावाच्या वाद्याच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. (आपला बेंजो वेगळा.) पुढे तारांचे सूरही उतरवले. १९७१ च्या रेकॉर्डवर तर काही गाण्यांत तीन अर्धे सूर खाली, म्हणजे ताण आणखी शेकडा एकोणतीसने कमी. ‘ब्लॅक सबाथ’ या त्याच्या बँडचा तो भारदस्त, जड आवाज जगभर गाजला, आणि तो आला बारीक, सैल तारांमधून. कारखान्यात बोटे गमावलेली माणसे आपल्याही ओळखीची आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिले.

मग सर्वांनी नऊच घ्यावी का? नाही. आमच्या पार्टीत लगेचच दुसरी अडचण आली. आमचे गायक काळी दोनमध्ये गातात. गिटारची मोकळी पहिली आणि सहावी तार पांढरी तीनची. सर्व तारा अर्धा सूर उतरवल्या की त्या बरोबर काळी दोनला येतात आणि पोरीला सोप्या मोकळ्या पकडी वापरता येतात. पण अर्धा सूर उतरवला की ताण शेकडा अकराने घटतो. नऊच्या तारा मग फारच ढिल्या पडतात. जोरात छेडले की फ्रेटवर आपटतात, सूर डगमगतो. दहाचा सेट अर्धा सूर उतरवला तर पहिल्या तारेचा ताण साडेसहा किलो राहतो, म्हणजे नऊ आणि दहा यांच्या मधला. आणि ज्याचा गायक पूर्ण एक सूर खाली गातो, त्याला दहाची तार हाताला जवळजवळ नऊसारखीच लागेल. तेव्हा तार निवडण्याआधी गायकाला पट्टी विचारावी. ज्याला वर नाजूक तुकडे वाजवायचे आणि खाली दणकट ठेका धरायचा, त्याच्यासाठी ९-४६ असा मिश्र सेटही मिळतो.

गिटारची लांबीही मोजून पाहावी. काहींची साडेपंचवीस इंच असते, काहींची पावणेपंचवीस. आखूड गिटारवर तोच सेट शेकडा सहा टक्के सैल लागतो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर कारखान्यातूनच नऊच्या आणि गिब्सनच्या लेस पॉलवर दहाच्या तारा येतात, त्यामागे हेही एक कारण धरता येईल.

एक सूचना. जाड काढून बारीक तारा घातल्या की गिटारची मान मागे झुकते, कारण तिला पुढे ओढणारा भार कमी झालेला असतो. तारा फ्रेटना घासून खरखर करतात. गिटार बिघडली असे समजून घाबरू नये. मानेत एक लोखंडी सळई असते, ती किंचित सैल करावी लागते, तीही पाव आट्याहून जास्त नको. एक दिवस थांबून पुन्हा पाहावे. जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावे; जोर लावून फिरवली तर मान कामातून जाते.

आणि आपला कोकणातला पाऊस! जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेली तार पंधरवड्यात तांबडी पडते. गंजलेली तार बोटालाही खरडते आणि सुरालाही खोटी पडते. वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी, गिटार पिशवीत ठेवावी, मातीच्या भिंतीला टेकवू नये. चांगल्या सेटला काहीशे रुपये पडतात. मुलामा दिलेल्या तारा महाग असतात, पण पावसाळ्यात त्या जास्त टिकतात. तुटते ती बहुधा पहिली तार. ती सुटी मिळते, तेव्हा एका तारेसाठी अख्खा सेट घेऊ नये. पाकीट फेकू नये, पुढच्या वेळी दुकानात तेच दाखवावे आणि “इलेक्ट्रिकची” हा शब्द मुद्दाम उच्चारावा.

त्या मुलीने पहिले दोन महिने नऊच्या तारांवर, सूर न उतरवता, एकटीने सराव केला. बोटांवर घट्टे आले, जखमा झाल्या नाहीत. आता पार्टीबरोबर बसायचे म्हणून दहाचा सेट चढवून अर्धा सूर उतरवला आहे. तुणतुणेवाले काका परवा तिच्या गिटारची पहिली तार बोटाने दाबून पाहत होते. “मऊ हा,” म्हणाले, आणि आपल्या तुणतुण्याला कितीची तार असेल ते मोजून दे म्हणून मला सांगितले. वर्कशॉपमधल्या एका मित्राकडून मायक्रोमीटर आणायचा आहे.