आम्ही विंचवावर बसतों

मोटारगाडी ह्या विषयांत आम्हांला कांहीं कळतें, असा दावा आम्हीं कधींच केलेला नाहीं. तथापि ज्यांत आपणांस कळत नाहीं त्याविषयीं मत देण्याची मनुष्यमात्राला जी हौस असते, तिला आम्हीही अपवाद नाहीं. नऊ वर्षांपूर्वीं असेंच एक मत आम्ही आमच्या एका बालस्नेह्यांच्या ओटीवर, चारचौघांसमक्ष, कोणीं न विचारतां देऊन बसलों होतों. तें मत गेल्या माघांत आमच्याच अंगावर कसें आलें, तें वाचकांस सांगावयाचें आहे.

प्रसंग २०१६ सालचा. स्नेही बँकेच्या नोकरींतून मुदतीपूर्वीं निवृत्त होऊन वेंगुर्ल्यास वडिलोपार्जित घरीं राहावयास आले, आणि येतांना एक मोटार घेऊन आले. पांढरी शुभ्र गाडी, कडेनें तांबडे पट्टे आणि नाकावर चक्क विंचू! गोत्र फियाट पुंटो, पण प्रवर निराळें : अबार्थ. कार्लो अबार्थ हा गृहस्थ १९०८ च्या नोव्हेंबरांत व्हिएन्ना शहरीं जन्मला. पाश्चात्यांच्या गणितानें त्याची रास वृश्चिक, म्हणून १९४९ सालीं इटलींत त्यानें स्वतःचा कारखाना काढला तेव्हां विंचवाचीच मुद्रा घेतली. फियाटच्या साध्यासुध्या गाड्या घ्यावयाच्या आणि त्यांच्या अंगांत वारें भरावयाचें, हा त्याचा व्यवसाय. १९६५ सालीं एका विक्रमी गाडीची बैठक अरुंद पडूं लागली, तेव्हां ह्या पठ्ठ्यानें गाडी रुंद न करतां वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं स्वतःचें तीस किलो वजन उतरविलें आणि मग विक्रम केला. आमच्या घरच्या एकादशींना हें फळ कधीं आलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

आमच्या स्नेह्यांची गाडी मात्र जन्मानें आपल्याकडचीच. २०१५ च्या ऑक्टोबरपासून ह्या जातीच्या गाड्या येथें विकावयास आल्या, त्या पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवच्या कारखान्यांत तयार होत. अष्टविनायकांतील महागणपतीचें तेंच हें रांजणगांव. १३६८ घन सेंटिमीटरांचें लहानसें इंजिन, पण शक्ति १४५ घोड्यांची! एवढ्याच आकाराच्या घरगुती गाडीचा संसार सत्तर-ऐंशी घोड्यांत सुखानें चालतो. उभ्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गांठते, असें तिचे निर्माते सांगत. गिअर पांच, आणि सर्व हातानें टाकावयाचे.

हें सर्व स्नेही मोठ्या उत्साहानें सांगत असतां आम्ही म्हणालों, "विंचू घरांत आणलास? पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे पोरखेळ शोभत नाहींत. उद्यां एखाद्या वळणावर कांहीं झालें, तर वहिनींनीं कोणाच्या तोंडाकडे पाहायचें?"

ओटीवरची मंडळी गप्प झालीं. वहिनी कोकमाचें सरबत घेऊन येत होत्या, त्या दारांतच थबकल्या. स्नेही हंसले आणि विषय बदलला. त्यानंतर नऊ वर्षें आमचें जाणेंयेणें पूर्ववत् चालूं होतें. गणपतीला, तुळशीच्या लग्नाला, सुखदुःखाला ते येत. मात्र येत ते पायीं. आम्हीं तें त्यांच्या चालण्याच्या व्यायामाच्या खातीं जमा केलें होतें. त्या गाडींत बसण्याविषयीं त्यांनीं आम्हांस कधीं विचारलें नाहीं, आणि आम्हांलाही त्यांत कांहीं उणें भासलें नाहीं.

गेल्या माघांत एके सकाळीं त्यांचा फोन आला. दिवाळीनंतर त्यांचा डावा गुडघा बदलला होता. इतक्यांत क्लच दाबूं नये, असें डॉक्टरांनीं बजावलेलें. चिरंजीव पुण्यास. सूनबाई ऑटोमॅटिक गाडी उत्तम चालवितात, पण क्लचच्या वाटेस जात नाहींत.

"अरे, गुडघ्यासाठीं घरांत आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोलले आहेत," ते म्हणाले. "घड पिकूं लागला. आणि रविवारीं कोल्हापूरचा एक मुलगा गाडी पाहायला येणार आहे. त्याच्याआधीं कोणीतरी तिऱ्हाइतानें ती चालवून पाहिलेली बरी. येतोस?"

'तिऱ्हाइत' हा शब्द आम्हांला लागला. पण गेलों.

येथें आमच्या सारथ्याची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आम्ही मोटार शिकलों ती वडिलांच्या फियाटवर. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती होत असे. पुढें तिचें नांव पद्मिनी पडलें, तिनें मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे संसार चालविले, आणि २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या बगलेस, बांक एकसंध, वडील शेजारीं बसलेले. त्यांचा नियम एकच : ज्या गिअरांत घाट चढावा, त्याच गिअरांत तो उतरावा. ब्रेकवर भिस्त ठेवणारा माणूस घाटांत उतरत नाहीं, घसरतो, असें ते म्हणत. त्या नियमावर आम्हीं आंबोलीच्या घाटांत कितीक पावसाळे काढले. पुढें घरांत सर्वांच्या सोयीची म्हणून ऑटोमॅटिक गाडी आली, आणि आमचा डावा पाय निवृत्त झाला.

स्नेह्यांनीं किल्ली आमच्या हातीं दिली आणि म्हणाले, "चपला काढ. ह्या क्लचला अनवाणी पाय लागतो."

केळ्यांचा घड मागच्या बांकावर निजविला. स्नेही मोठ्या कष्टानें डावीकडच्या आसनावर बसले, आणि आम्ही विंचवावर आरूढ झालों. आसन इतकें खालीं कीं भटजींच्या पाटावर बसल्याचा भास व्हावा. क्लच म्हणजे जात्याच्या दोन दगडांसारख्या दोन चकत्या : एक इंजिन फिरवितें, दुसरी चाकांकडे जाते. पाय दाबला कीं दोघी अलग, सोडला कीं एकजीव. त्या एकमेकींस नेमक्या कोठें भेटतात, तें पायाच्या तळव्यालाच कळावें लागतें. आमच्या तळव्याला तें पांच-सहा वर्षांत साफ विसरलें होतें. फाटकांतच गाडी एकदां बंद पडली, दुसऱ्यांदां पडली, तिसऱ्यांदां सशासारखी उडी मारून पडली. शेजारच्या गडग्यावर बसलेलीं पोरें ओरडलीं, "काका, जरा रेस करा मां!"

स्नेही कांहीं बोलले नाहींत. चवथ्या खेपेस निघालों.

बाजारांतून जातांना त्या गाडीचें कांहींच विशेष वाटलें नाहीं. क्लच जड, रस्त्यावरचा प्रत्येक खडा कंबरेस कळविणारी, आणि गर्दींत थोडी आळशीसुद्धां. ह्याचसाठीं का एवढा अट्टहास, असें आमच्या मनांत येऊन गेलें. मोचेमाडच्या वाटेवर आंब्यांचा मोहोर आणि काजूंच्या बागा सुरू झाल्या, रस्ता मोकळा झाला, तेव्हां स्नेही हळूच म्हणाले, "आतां दुसऱ्यांत घे, आणि दाब."

आम्हीं दाबलें. क्षणभर कांहीं झालें नाहीं. मग मागून थोरली लाट येऊन होडी उचलावी तसें कोणीतरी आम्हांस उचललें. ही करामत टर्बोची. चुलीच्या धुराच्याच जोरावर फिरणारी फुंकणी त्याच चुलींत वारा फुंकूं लागली तर जाळ कसा उसळेल, तीच ही युक्ति. इंजिनाच्या बाहेर पडणाऱ्या वायूवर एक भिंगरी फिरते आणि ती आंत हवा कोंबते. भिंगरीनें वेग घेईपर्यंत जो क्षण जातो, तेवढाच काय तो विलंब. वेगाचा कांटा पाहिला तर साठाच्याही अलीकडेच होता. आमच्या ऑटोमॅटिक गाडींत आम्ही रोज ह्याहून वेगानें जातों, आणि आम्हांस झोंप येत असते!

येथें झोंपेचें नांव नव्हतें. वळण आलें कीं त्याच्याआधीं ब्रेक, क्लच, तिसऱ्यांतून दुसरा, मग पाय सोडून वळणांतून अलगद बाहेर. एक गोष्ट चुकली कीं गाडी हिसका देऊन चूक पदरांत घालते, आणि चारही गोष्टी वेळेवर जमल्या कीं कांहीं जाणवतच नाहीं, पाणी वाहावें तशी ती वळते. एका वळणावर समोरून एस. टी. आली. रस्ता किती अरुंद तें त्या वाटेनें गेलेल्यांस ठाऊकच आहे. आम्हीं ब्रेक लावला आणि गाडी जागच्या जागीं, एका रेषेंत, उभी राहिली. एस. टी. च्या ड्रायव्हरानें स्नेह्यांकडे पाहून हात केला, मग उजवीकडे आम्हांस पाहून त्याची मुद्रा बदलली. ह्या गाडीच्या सुकाणूवर दुसरा मनुष्य त्यानें बहुधा पाहिला नसावा.

खाडीकडे उतरतांना वडिलांचा नियम आठवून आम्हीं दुसराच गिअर ठेवला. त्याच वेळीं आमची नजर सहज डावीकडे खालीं गेली. आम्ही क्लच दाबीत होतों तेव्हां तेव्हां स्नेह्यांचा डावा पाय समोरच्या सतरंजीवर दाबला जात होता. नवा गुडघा, अद्याप पुरता न वांकणारा. तरी प्रत्येक गिअरला तो पाय आमच्याआधीं किंचित् हलत होता. त्यांचें लक्ष रस्त्याकडे होतें, आणि पायाचें त्यांना भानही नसावें. टांक मागें पडून आरवली येईपर्यंत आम्ही पुन्हां तिकडे पाहिलें नाहीं.

वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात, तशा चामड्याच्या भल्यामोठ्या चपलाही वाहतात. रात्रीं देव गांवाच्या राखणीस हिंडतो, त्यानें त्या झिजतात, असा भाविकांचा अनुभव. आम्ही अनवाणी आलेलेच होतों. गाडींतून उतरतांना आम्हीं धीर केला.

"त्या वेळीं ओटीवर मी जें बोललों—"

"घड उचल," स्नेही म्हणाले. "मला वांकतां येत नाहीं."

देवदर्शन झालें. प्रसादाचीं केळीं पंचांत बांधून आम्ही देवळाच्या पायरीवर बसलों. थोड्या वेळानें स्नेही आपण होऊनच बोलले, "वेग कसला रे? ह्या रस्त्यांना वेग आहे कोठें? अलीकडे घरांत सगळें आपोआप चालतें. पेन्शन आपोआप जमा होतें, विजेचें बिल आपोआप वजा होतें, मुलगा तिकडून औषधें मागवितो तीं आपोआप दारांत येतात. मीं कांहीं केलें तरच कांहीं होतें, असें हें एकच उरलें होतें."

ह्यावर आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. नऊ वर्षांत हें ऐकण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. तो आपल्याच हातानें गमावला होता, हें त्या पायरीवर बसून पुरतें कळलें.

परततांना त्यांनीं मोचेमाडच्या चढावर सांगितलें, "आतां चवथा घाल, आणि पूर्ण दाब. काय होतें तें नीट पाहा." आम्हीं तसें केलें. इंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा भराभर चढला, आवाज चढला, परंतु गाडीचा वेग त्या मानानें वाढेना. क्लचच्या चकत्या झिजून घसरत होत्या. पेडल फार वरपर्यंत आल्यावरच गाडी धरते, हें तर फाटकापासून जाणवत होतें. नऊ पावसाळे आंबोलीचा घाट चढलेल्या गाडीचें तें वयच म्हणावयाचें. पण हें सांगावें कसें? विकत घेणाऱ्यास हें कळल्यावर किंमत उतरणार, हें उघड होतें. एकदां न विचारतां बोलून आम्हीं त्यांना दुखविलें होतें. आतां त्यांनीं विचारलें असतां गप्प बसावें, तर तेंही तिऱ्हाइताचेंच वागणें झालें असतें.

घरापाशीं गाडी उभी केली. स्नेह्यांनीं विचारलें, "काय वाटलें?"

"गाडीबद्दल माझें तेव्हांचें मत साफ चूक होतें," आम्ही म्हणालों. "आणि क्लच संपत आला आहे. चवथ्यांत घसरतो."

ते बराच वेळ समोर पाहत राहिले. मग म्हणाले, "ठाऊक आहे मला. शस्त्रक्रियेच्या आधींपासून घसरतो. तूं सांगतोस कीं नाहीं तें पाहत होतों. रविवारीं त्या मुलाला मीच आधीं सांगणार आहे." आणि किल्ली परत घेण्याऐवजीं म्हणाले, "तूंही ये रविवारीं. त्याला घाटाकडे फिरवून आणायला कोणीतरी हवा."

वहिनींनीं दोन्ही घरच्या प्रसादाचे वांटे केले. आमच्या वांट्याचीं केळीं घेऊन आम्ही आपल्या ऑटोमॅटिक गाडींत बसलों. सौ. तेथेंच वहिनींकडे बसावयास आलेल्या होत्या, त्या शेजारीं बसल्या. पहिल्याच वळणावर आमच्या डाव्या पायाला अकस्मात् कर्तव्याची आठवण झाली, आणि क्लच समजून त्यानें ब्रेकच्या रुंद पेडलावर सारा जोर टाकला. गाडी जागींच गचकन् उभी राहिली. केळीं पुढें आलीं तीं सौ.च्या पायाशीं पडलीं.

"अहो," त्या म्हणाल्या, "कोण आडवें आलें?"