केंब्रिजचे दोन दिवस

आमच्या आजोबांच्या पिढींत विलायतेला जाणें म्हणजे घरादाराचा निरोप घेण्यासारखें होतें. बोट मुंबईहून सुटे, पत्राच्या उत्तराची वाट महिना दीड महिना पाहावी लागे, आणि परत आलेल्या गृहस्थाला प्रायश्चित्त द्यावें कीं नाहीं यावर शनिवार पेठेंतल्या ओट्यांवर कडाक्याचा खल चाले. आतां तें सर्व इतकें पालटलें आहे कीं, लंडनास मुलीकडे राहावयास आलेलीं आमच्यासारखीं म्हातारीं नवराबायको शुक्रवारीं सायंकाळीं एक पिशवी भरतात आणि "जरा अण्णांकडे जाऊन येतों" असें सांगून केंब्रिजची गाडी धरतात. पूर्वीं सुटी पाहून आळंदीस जाऊन यावें, तसेंच हें. किंग्ज क्रॉसहून सुटलेली जलद गाडी तासाच्या आंत तेथें पोंचते. वाटेंत डबा उघडण्याइतकीही सवड होत नाहीं, याचें आमच्या मंडळींना वाईट वाटलें.

आमचे थोरले बंधू १९७६ पासून तेथें आहेत. दोन वर्षांच्या नोकरीसाठीं म्हणून गेले, ते तेथलेच झाले. घर विटांचें, लहानसें. मागें परसांत सफरचंदाचें एक झाड आणि वहिनींनीं कुंडींत जगविलेली तुळस. ही तुळस थंडी पडूं लागली कीं घरांत येते आणि उन्हाळा लागला कीं बाहेर जाते, आणि तिच्या या ये-जा करण्यावरून अण्णा ऋतु मोजतात. आम्हीं नेलेली भाजणी आणि मेतकूट वहिनींनीं हातीं घेऊन आधीं वास घेतला, मग डबा लावला, मग पुन्हां एकदां उघडून वास घेतला.

पिशवींत भाजणीच्या खालीं एक कागदही होता. आमचा शनिवार पेठेंतला वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उठवावयाची असें आम्हां सर्व चुलत भावंडांच्या विचारें ठरलें आहे. पानशेतच्या पुराच्या पाण्याची रेघ, १२ जुलै १९६१ ची, अजून त्याच्या भिंतीवर दाखवितां येते. परंतु तुळया वाळवीनें खाल्ल्या आहेत आणि पावसाळ्यांत जिन्याखालीं बादल्या मांडाव्या लागतात. वाडा पाडूं नये, असें दूर राहणारे सुहृद् कधीं कधीं कळवळून सांगतात. त्यांस आम्ही एक श्रावण येऊन राहण्याचें आमंत्रण देतों. अण्णा त्यांतले नव्हत. मात्र त्यांच्या वतीनें पुण्यांत सह्या करण्यासाठीं मुखत्यारपत्र हवें होतें, आणि तें आपल्या वकिलातीकडे साक्षांकनासाठीं नेण्यापूर्वीं त्यांनीं मसुदा एकवार वाचावा, म्हणून चुलत बंधूंनीं तो आमच्या हवालीं केला होता.

पहिल्या रात्रीं कागद निघालाच नाहीं. साधें वरण, भात, लिंबू आणि गप्पा. अण्णांनीं पेठेंतल्या प्रत्येक घराची चौकशी केली, आणि चौकशीस आलेलीं निम्मीं घरें आतां उरलीं नाहींत असें आम्हांस सांगावें लागलें.

शनिवारीं सकाळीं गांव पाहावयास निघालों. गांव कसलें, १२०९ पासून विद्यार्थी पोसणारें एक मोठें गुरुकुलच तें. रस्ते अरुंद, सायकली मात्र इतक्या कीं, आमच्या लहानपणचें पुणें आठवावें. पुण्यानें सायकलींचें शहर ही आपली कीर्ति स्वखुषीनें टाकली. या लोकांनीं ती अजून सांभाळली आहे. ज्या कॅम नदीनें आपलें नांव या गांवाच्या नांवावरून घेतलें, ती पाहून आमच्या मंडळींनीं "हीच का?" असें विचारलें. मुठेच्या मानानें तो ओढाच म्हणावयाचा. परंतु या ओढ्याच्या दोन्ही कांठांना हिरवळ आहे, पाण्यांत होड्या आहेत, आणि पुलांवर लोक नुसते उभे राहतात. आमच्या भिडे पुलावर उभे राहण्याचा प्रश्नच येत नाहीं. धरणांतून पाणी सोडलें कीं तो पूलच पाण्याखालीं जातो.

किंग्ज कॉलेजचें प्रार्थनामंदिर पाहिलें. सहाव्या हेन्रीनें १४४६ सालीं त्याचा पाया घातला. मध्यें राजे बदलले, लढाया झाल्या, पैसा संपला, आणि वरचें दगडी छत पुरें व्हावयास १५१५ साल उजाडलें. हें छत पंख्यासारख्या उलगडलेल्या दगडी पाकळ्यांचें आहे. मान वर करून पाहतां पाहतां दुखूं लागली, तरी खालीं घेववेना. आमच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० त पडला आणि १७३२ त वास्तुशांतही झाली. पण १८२८ च्या आगींत जळून गेल्यावर त्याचें जें उरलें तें पाया, तट आणि दरवाजे. कोणत्या घराला किती आयुष्य मिळावें याचा कांहीं नियम दिसत नाहीं.

तेथून जवळच सेनेट हाउस. पुणेकरानें येथें पायांतले जोडे काढावे कीं काय, असा आम्हांस क्षणभर प्रश्न पडला. १८९९ सालीं गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल लागला, तेव्हां बर्टविसल नांवाच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीनें पहिला मान रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांस मिळाला. कोंकणांतील मुर्डीचा मुलगा, फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी, पहिला हिंदी सीनियर रँग्लर! हें फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं प्रथम आमच्याच शनिवार पेठेंत, गद्रे वाड्यांत भरलें, हें आम्ही अण्णांना सांगितलें. त्यांनीं तें आम्हांस आधीं तीन वेळां सांगितलें असल्याचें वहिनींनीं सांगितलें. परांजपे परत आले आणि १९०२ सालीं फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुढें नारळीकर पितापुत्रही येथलेच. जयंतराव १९५७ त आले, फ्रेड हॉइल यांच्यापाशीं संशोधन केलें, १९७२ त मायदेशीं परतले आणि १९८८ त पुण्यास आयुका उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राच्या नांवांत चार नगरें आहेत, त्यांतलें हें एक. २० मे २०२५ रोजीं ते पुण्यांत निवर्तले, तेव्हां अण्णा दिवसभर कोणाशीं फारसे बोलले नाहींत, असें वहिनी म्हणाल्या.

एवढ्यावर आम्ही पुढें निघालों असतों; पण वहिनी तेथेंच थांबल्या. "भाऊजी, रँग्लर परांजप्यांचें सर्वजण सांगतात. त्यांच्या शकुंतलेचें कोणी सांगत नाहीं," असें म्हणून त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या वाचक भगिनींसाठीं थोडक्यांत देतों. शकुंतलाबाई परांजपे येथल्या न्यूनहॅम कॉलेजांत गणित शिकल्या आणि १९२९ सालीं ट्रायपॉस उत्तीर्ण झाल्या. परंतु त्या काळीं या विद्यापीठांत बायकांना पुरुषांप्रमाणें पूर्ण पदवी मिळत नसे. १८८१ पासून त्यांस परीक्षेला बसण्याची रीतसर मुभा होती. १८९० सालीं फिलिपा फॉसेट नांवाच्या मुलीनें गणितांत सर्वांस मागें टाकलें. तिचें नांव "सीनियर रँग्लरच्या वर" असें वाचलें गेलें, आणि सीनियर रँग्लर ही पदवी मात्र तिच्या खालच्या पुरुषास मिळाली. १८९७ त बायकांस पदवी द्यावी असा ठराव आला, तेव्हां विद्यार्थ्यांनीं सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा या सेनेट हाउससमोरच टांगला, आणि ठराव मोठ्या बहुमतानें पडला. १९२१ त पुन्हां नकार, पण नुसत्या नांवाची पदवी देऊं असें ठरलें; म्हणजे कागद मिळे, विद्यापीठाच्या कारभारांत मत मिळत नसे. पूर्ण पदवी मिळावयास १९४८ साल यावें लागलें. ऑक्सफर्डनें ती १९२० तच दिली होती.

"परीक्षा द्या, पहिल्या या, पण घरच्या होऊं नका," वहिनी म्हणाल्या. अण्णांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. ते पुतळा टांगला होता त्या बाजूच्या खिडक्यांकडे पाहत होते.

दुपारीं नदीकांठच्या पायवाटेनें ग्रँटचेस्टरला गेलों. दोन मैलांची ती वाट कुरणांतून जाते. गायी आपल्या जागेवरून हालत नाहींत, माणसांनीं वळसा घालावा. तेथें सफरचंदांच्या झाडांखालीं खुर्च्या टाकून चहा देतात. १८९० सालीं पुण्यांत पंच हौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून ग्रामण्य माजलें होतें. आम्हीं येथें दोन दोन पेले घेतले, आणि आमच्या मंडळींची तक्रार एवढीच कीं, आलें घातलें नव्हतें.

रात्रीं जेवणानंतर अण्णांनीं आपण होऊन कागद मागितला. चष्मा लावून एक एक पान सावकाश वाचलें. हिस्सेदारांची यादी दोनदां वाचली.

"यांत आत्याचें नांव कोठें आहे?"

आत्याबाई आज श्याऐंशी वर्षांच्या आहेत. तरुणपणीं वैधव्य आलें, माहेरीं परतल्या, मुलींच्या शाळेंत शिक्षिका झाल्या आणि वाड्याच्या मागल्या खोलींत राहिल्या त्या अजून आहेत. आजोबांच्या पश्चात् १९७१ सालीं त्यांनीं हक्कसोडपत्रावर सही केली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें बापाच्या मिळकतींत मुलीला वांटा दिला होता. परंतु तो बहिणीकडून लिहून घेण्याची चाल घरोघर पडली होती, आणि बहिणीही माहेर तुटूं नये म्हणून मुकाट्यानें सही करीत. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतः सहहिस्सेदार झाली खरी, पण पूर्वींचे नोंदलेले कागद तिनें उलटत नाहींत. तेव्हां मसुद्यांत त्यांचें नांव नव्हतें तें कायद्याला धरूनच. त्या आमच्याकडेच राहावयाच्या, याविषयीं पुण्यांत कोणाच्याही मनांत किंतु नव्हता, आणि तसें आम्हीं सांगितलें.

"तिला जागा मिळेल हें मला ठाऊक आहे रे," अण्णा म्हणाले. "मी राहण्याचें विचारीत नाहीं, मालकीचें विचारतों आहें. माझ्या पहिल्या विमानाचें तिकीट तिच्या प्रॉव्हिडंट फंडांतून निघालें. तें तिनें कोणत्या यादींत आपलें नांव पाहून दिलें होतें?"

आम्हांस त्यांचें म्हणणें पटलें. तरी एवढें बोललों कीं, तेथें आत्याबाईंचें औषधपाणी, दवाखाना, रात्रींअपरात्रीं उठणें हें जे करतात, त्यांच्या मनांत खोट आहे असें येथून कोणीं समजूं नये. नवा मसुदा म्हणजे नवा नकाशा, नवे वायदे, आणि बादल्यांचा आणखी एक पावसाळा. अण्णा "खरें आहे" म्हणाले, आणि पेन्सिल घेऊन मसुद्याच्या पाठीवर लिहिलें: तळमजल्यावरील एक खोली, न्हाणीघरासह, आत्याच्या नांवावर; हयातीपुरती नव्हे. बिल्डर वेगळी जागा देत नसेल, तर ती आपल्या हिश्शांतून कापावी, असेंही खालीं लिहिलें. वहिनींनीं तें वाचून खालीं आपलीही सही केली. ती कायद्यानें लागत नव्हती.

रविवारीं सकाळीं पुण्यास फोन लावला. पडद्यावर आत्याबाईंचें कपाळ तेवढें दिसत होतें. अण्णांनीं सर्व समजावून सांगितलें. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"मला कशाला रे या वयांत खोली?" मग थोड्या वेळानें, "मला सही करावी लागेल का?"

"लागेल."

"बरें. मग चष्म्याचा नंबर तपासून घेतें. मागल्या वेळीं मीं न वाचतां केली होती."

सायंकाळच्या गाडीनें आम्ही लंडनास परतलों. वहिनींनीं परसांतल्या सफरचंदांचा मुरंबा बांधून दिला. मुखत्यारपत्र बिनसहीचेंच पिशवींत होतें. त्याच रात्रीं चुलत बंधूंस सर्व हकीकत कळविली. ते दोन दिवस कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांचा निरोप आला: नव्या मसुद्यासाठीं आत्यांच्या आधार कार्डाची प्रत लागेल, ती त्यांच्या ट्रंकेंत कोठें ठेविली आहे हें आमच्या मंडळींना विचारून कळवावें.